दोन रखमा, एक नोंद

३ नोव्हेंबर २०२५

बाबांनी जेवताना विचारलं, "अनू, तू लीड झालंस म्हणजे नेमक्या काय करतलंस गो? माणसां बरी करतलंस, की कम्प्युटर?"

आई हसली, मीही हसले. आणि आमटी वाढून घेतली. प्रश्न मात्र आत्ता लिहायला बसले तरी डोक्यात आहे.

असं कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे मी काय करते याची कुणाला उत्सुकता नसते, मी काहीतरी मोठंच करते याची खात्री असते! अनू परळच्या हॉस्पिटलात आहे, एवढं चाळीला पुरतं.

तर — आमच्याकडे नवी जागा निघाली आहे. आरोग्य-माहिती विभागाची लीड, म्हणजे प्रमुख. आजवर विभाग म्हणजे मी, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि सॉफ्टवेअर कंपनीचा प्रितेश, जो मनात येईल तेव्हा येतो. आता खरा विभाग होणार. हितेंद्र सर आमचे प्रशासकीय संचालक. त्यांनी स्वतः बोलावून सांगितलं, "अर्ज कर. बाहेरून माणूस आणायची माझी इच्छा नाही."

गेल्या शनिवारी दादरला परिसंवादाला गेले होते. 'हेल्थ इन्फर्मेटिक्स : करिअरच्या संधी आणि नेतृत्व'. पडद्यावर शिडीचं चित्र. खाली डेटा एंट्री, वर अ‍ॅनालिस्ट, त्यावर लीड, टोकाला चीफ. शेजारची मुलगी पुटपुटली, "शिडी खालून कोण धरतं ते नाही दाखवलं." मला ती उगाच कडवट वाटली. मी मात्र चित्राचा फोटो काढून घेतला.

५ नोव्हेंबर

मुलाखत बरी झाली. "या क्षेत्रात का आलीस?" — मी खरं तेच सांगितलं. पिशवीबद्दल.

आमच्या चाळीत प्रत्येक घरात खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, केसपेपर, रिपोर्ट, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. माणूस आजारी पडला की आधी पिशवी निघते, मग माणूस. मी बारावीत असताना आईची पिशवी टॅक्सीत राहिली. डॉक्टर म्हणाले, सगळ्या तपासण्या परत करा. आई रडली — आजाराला नाही, पिशवीला. तेव्हाच ठरवलं होतं, ही पिशवी संपवायची. माणसाची माहिती माणसाची वाट बघत हॉस्पिटलातच बसली पाहिजे.

हितेंद्र सर खूश! म्हणाले, "हे पिशवीचं नव्या सिस्टीमच्या उद्घाटनाच्या भाषणात घेऊ का मी?"

घ्या म्हटलं.

८ नोव्हेंबर

आमच्या प्रकल्पाचं नाव 'एक रुग्ण, एक नोंद'. एकाच माणसाचे वर्षानुवर्षं वेगवेगळे केसपेपर निघालेले असतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन जुळला की सॉफ्टवेअर ठरवतं, हा एकच माणूस. मग सगळ्या नोंदी मर्ज, म्हणजे एकात एक मिसळून एकच. आज त्याची चाचणी होती.

यादी वरून खालपर्यंत दोनदा वाचली. सगळी आमचीच माणसं! आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना जन्मतारीख कुठे माहीत असते? आधार काढताना साल अंदाजे सांगितलं आणि तारीख पडली १ जानेवारी. सगळ्यांचीच. पत्ता नुसता 'बीडीडी चाळ, नायगाव'. चाळीचा नंबर नाही, खोली नाही.

नोंदणी खिडकीवरच्या नम्रताला म्हटलं, "अगं, खोली नंबर तरी घालायचास."

"रांग गेटच्या बाहेर असते माझी! चाळ कुठली, मजला कुठला, विचारत बसले तर लोक मलाच मारून अ‍ॅडमिट करतील."

प्रितेशला समजावलं. आमच्या चाळीत रखमा विठोबा परब दोन आहेत. एक तळमजल्यावर, एक दुसऱ्या मजल्यावर. एकाच गावच्या, लग्न होऊन एकाच वर्षी मुंबईत आलेल्या.

"मॅडम, नाव एक, नवऱ्याचं नाव एक?"

"नवरे दोन होते."

"और जन्मतारीख?"

"दोघींची १ जानेवारी."

"मॅडम, ये तो एकही है!" असा हसला की मलाही हसू फुटलं.

पण हे हसण्यासारखं नाही. खालच्या रखमाकाकींना फक्त गुडघेदुखी आणि थोडं बीपी. वरच्या रखमाकाकींना जुना मधुमेह. प्रितेशने ती दोन नावं माझ्यासमोर वेगळी काढली. मी अजून बसून संशयास्पद नावांची मोठी यादी केली. ही हाताने तपासल्याशिवाय मर्ज करायची नाहीत.

११ नोव्हेंबर

हितेंद्र सरांना यादी दाखवली. शांतपणे ऐकून घेतलं. मग —

"अनुजा, तू फार चाळीतून विचार करतेस. लीडने शहराएवढा विचार करायला हवा."

म्हटलं, सर, शहरात चाळी आहेतच की.

"लग्नात वरण खारट झालं म्हणून कुणी लग्न मोडतं का? सतरा तारखेला विश्वस्त येणार आहेत. तुझी यादी नंतर बघू. सावकाश."

नंतर म्हणजे कधी? विचारायला हवं होतं. विचारलं नाही. जागेचा निकाल अजून लागायचा आहे, हे डोक्यात होतं. हे लिहिताना लाज वाटते.

१२ नोव्हेंबर

ती दोन नावं तरी वेगळी झाली. बाकीच्यांचं देव जाणे.

१७ नोव्हेंबर

झालं उद्घाटन. विश्वस्तांनी बटण दाबलं, पडद्यावर आकडा वाढत गेला, टाळ्या. पिशवीची गोष्ट सरांनी छानच सांगितली. फक्त आई त्यांची झाली होती आणि टॅक्सीची झाली होती गाडी! मी मागे प्रोजेक्टरची वायर धरून उभी. ती सारखी सुटत होती.

बाबा संध्याकाळी पेढे घेऊन आले. निकाल नाही लागला म्हटलं, तर म्हणाले, "लागतलो. पेढे काय पळान जातत?" सगळ्या मजल्यांवर वाटून आले.

२१ नोव्हेंबर

धावपळीचा दिवस. दुसऱ्या एका ट्रस्टचे लोक आमची सिस्टीम बघायला आलेले. ओपीडीच्या दारात खालच्या रखमाकाकी भेटल्या. पांढरं पातळ, हातात तीच पिशवी.

"अनू, नवीन डागतर. गोळ्ये बदलल्यानी बघ. ह्यो नव्योच दिसतत."

मागून हितेंद्र सर हाक मारत होते. म्हटलं, "डॉक्टरांनी बघूनच दिल्या असतील ना काकी. घ्या वेळेवर."

"तू सांगतंस तर घेतंय." माझ्या हातात दोन चिकू ठेवले आणि गेल्या.

पाहुणे खूश होऊन गेले. सर म्हणाले, तुझी जागा पक्की समज.

२४ नोव्हेंबर

खालच्या रखमाकाकी आयसीयूत आहेत.

सकाळी दार उघडेना म्हणून दौलतदादाने — त्यांच्या मुलाने, तो लोअर परळच्या एका मॉलमध्ये सिक्युरिटीत आहे, ड्युटी करून आलेला — कडी तोडली. काकी मोरीजवळ पडलेल्या. अंगाला दरदरून घाम, हाक मारली तर ओ नाही. टॅक्सीत बाबा आणि तो. मी हॉस्पिटलात माझ्या विभागातून धावत खाली पोचले तेव्हा स्ट्रेचर आत जात होतं.

साखर अतिशय खाली गेलेली. डॉक्टर दौलतदादाला विचारत होते, "यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"नाय हो. आयेक कधी डायबेटीस नव्हतोच."

डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघितलं. मग परत त्याच्याकडे. "इथे तर आहे."

मी तिथेच उभी होते.

२५ नोव्हेंबर

नोंद उघडली. एक रुग्ण, एक नोंद! खालच्या काकींचे गुडघे आणि वरच्या काकींची साखर, सगळं एकाच बाईच्या अंगात. कुणाच्याच नसलेल्या बाईच्या. सतरा तारखेला मर्जची अंतिम फेरी नव्याने घेतली तेव्हा माझी यादी चढवलीच नाही. वेगळी काढलेली दोन नावंही परत आत गेली. ओपीडीतल्या नव्या डॉक्टरने स्क्रीनवर जुनी औषधं बघितली, तीच पुढे चालू ठेवली. साखर उतरवायच्या गोळ्या, साखर नसलेल्या बाईला.

दोघी एकच आहेत अशी सॉफ्टवेअरची खात्री झाली कशावरून? शंभरात अठ्ठ्याण्णव गुण! नाव, तारीख, पत्ता — तरी एवढे होत नाहीत. मग फोनचा रकाना बघितला.

दोघींचा फोन नंबर एकच. माझा.

मी हॉस्पिटलात लागले तेव्हापासून चाळीतल्या बायका खिडकीवर सांगतात, "आमच्या अनूचो नंबर घाल गो." ओटीपी मला येतो, तारखेचा मेसेज मला येतो. संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहून वाचून दाखवते — अमकीची सोनोग्राफी गुरुवारी, तमकीचा रिपोर्ट आला. किती बरं वाटायचं मला! यंत्राला कळणार कसं, की एका मुलीच्या फोनवर अख्खी चाळ राहते?

आणि 'घ्या वेळेवर' म्हणाले ती मीच.

चिकू अजून टेबलावर आहेत. एक नासला.

२६ नोव्हेंबर

प्रितेशला फोन. मर्ज मागे घे, आत्ता.

"मॅडम, तो राइट फक्त लीडच्या लॉगिनला. तुमच्याकडे लीडच नाही अजून. मी काय करू सांगा."

"एकाच बाईचं तरी कर!"

"एक असो की सगळे, लॉगिन तेच लागतं. माझी नोकरी जाईल मॅडम."

हितेंद्र सर म्हणाले, घाईत काही करायचं नाही, त्या दुसऱ्या ट्रस्टची पाहणी चालू आहे. मग मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ओपीडीच्या दारावर चिकटवलं — औषध देण्याआधी आजार रुग्णाला विचारा. दुपारी कागद नव्हता. सर म्हणाले, "पेशंट घाबरतात."

माझ्या यादीत अजून किती नावं आहेत. प्रत्येक सकाळी त्यातलं कुणीतरी ओपीडीत येतंच. दारात उभी राहून ओळखीचे चेहरे शोधते आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगते. ओळखीचे तेवढेच वाचणार. आणि बाकीचे?

२७ नोव्हेंबर

काकींनी डोळे उघडले. दौलतदादाला ओळखलं नाही.

२८ नोव्हेंबर

हॉस्पिटलने दौलतदादाला सांगितलं — तुमच्या आईने शेजारणीच्या गोळ्या घेतल्या असणार. म्हातारी माणसं करतात असं.

तो सरळ दुसऱ्या मजल्यावर गेला. सगळी चाळ गॅलरीत.

"कित्याक दिलंस तिका? तुका सांगलेला कोणी डागतरकी करूक?"

वरच्या रखमाकाकी दारात उभ्या. एरवी बोलण्यात कुणाला ऐकणाऱ्या नाहीत. आज हळूच म्हणाल्या, "माझे गोळ्ये माकाच पुरनत नाय, दौलत. तिका खयसून देतलंय?"

"खोटा बोला नको! रोज दुपारचा चाय एकत्र पितास, गोळ्ये पण एकत्र खाल्ल्यात!"

मागून कुणीतरी म्हणालं, हिची नजरच तशी. आयुष्यभर एकत्र मासळी आणायला गेलेल्या दोघी! लग्नात एकीला हाक मारली की दोघी ओ द्यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

वरच्या काकींनी माझ्याकडे बघितलं. हॉस्पिटलातली ना मी. मी सांगेन असं वाटलं असणार.

बाबांनी माझा दंड धरला होता. मी काही बोलले नाही.

वरच्या काकींनी दार लावून घेतलं.

३० नोव्हेंबर

बाबांशी भांडण. आयुष्यात पहिल्यांदा.

मी म्हटलं, सांगून टाकते. ते म्हणाले, "सांगशीत आणि मग? तुका काढून टाकतले. रखमा बरी होतली काय त्यान?"

"वरच्या काकींवर आळ आलाय बाबा."

"चार दिवस लोक बोलतत, मग इसरतत. नोकरी गेली ती गेली."

बाबा वाईट नाहीत. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा बाबा शाळेत होते. काम गेलेलं घर कसं असतं ते त्यांनी बघितलंय, मी नाही.  आई भांडी घासत राहिली, घासलेलीच परत घासली.

परिसंवादातला शिडीचा फोटो मोबाइलमधून पुसून टाकला. त्याने काय होतं? काही नाही.

१ डिसेंबर

वरच्या काकी दुपारच्या चहाला खाली उतरत नाहीत. पाण्यालाही सगळ्यांच्या नंतर येतात.

२ डिसेंबर

जागा मला मिळाली.

सरांनी पत्र पुढे सरकवलं, आणि त्याच्या खाली दुसरा कागद. रखमा परब यांच्याबाबतचा अहवाल. 'रुग्णाने शेजारील व्यक्तीची औषधे सेवन केली. प्रणालीत दोष आढळला नाही.' खाली सहीची जागा — लीड, आरोग्य-माहिती विभाग.

"सोमवारी रुजू हो. हे पहिलं काम."

"सर, हे खोटं आहे."

"खोटं नाही, अनुजा. अपुरं आहे. सगळे अहवाल अपुरेच असतात." मग मऊ आवाजात, "तुझ्यासारख्या मुली इथपर्यंत येत नाहीत. आलीस तर टिकायला शीक. मोठी झालीस की हव्या तेवढ्या चाळी सुधार."

बाहेर नम्रताने मिठीच मारली. "आता तरी मला खिडकीवर अजून एक माणूस दे गं बाई!"

मी रडायला लागले. तिला वाटलं आनंदाने.

३ डिसेंबर

सही केली तर मी कोण? नाही केली तर बाहेरून आणलेला कुणीतरी करेल, आणि त्याला दोन रखमा आहेत हेही ठाऊक नसेल. कुठूनही गेलं तरी भिंतच.

५ डिसेंबर

काकींना घरी आणलं. खुर्चीत बसवतात तशा बसतात. दौलतदादा भरवतो. शब्द येत नाहीत, मधेच एखादा सुटा — "पाणी", "गे". डॉक्टर म्हणतात, बराच वेळ साखर मेंदूला मिळाली नाही. सुधारेल कदाचित.

मी पायाशी बसले. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, जशा भिंतीकडे बघत होत्या तशाच. दौलतदादा म्हणाला, "बरा झाला तू हयसर हस अनू. तुझ्यासारख्या आपला मानूस हॉस्पिटलात होता म्हणान आये वाचली."

उठून पळालेच.

६ डिसेंबर

आज हॉस्पिटलचा तपासणीचा स्टॉल शिवाजी पार्कला, बाहेरगावाहून आलेल्या लोकांसाठी. मला नेलं नाही. बरंच झालं. तिथेही रांगेतल्या माणसांची नावं, तारखा, फोन घेतील. आणि त्याच यंत्रात घालतील.

जागा नको, असं पत्र टाइप केलं. नोकरीही नको. कुठेतरी शाळेत कम्प्युटर शिकवेन. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू गेलीस म्हणजे ते बंद पडेल का?"

"नाही."

"मग तुला फक्त तिथे नसायचं आहे." एवढंच बोलून कुकर लावायला गेली. रागावून नाही. पण त्यानंतर मला ते पत्र वाचवेना.

एवढं शिकले ते कशासाठी? पिशवी संपवायला! पिशवीत निदान एकाच बाईचे कागद असायचे.

७ डिसेंबर

काही सुचत नाही. बाबांनी उद्यासाठी माझा ड्रेस इस्त्री करून आणला.

८ डिसेंबर

जागा घेतली. रुजू झाले, रुजू होण्याच्या पत्रावर तेवढी सही केली, लीडचं लॉगिन हातात आलं. पहिल्यांदा सगळे मर्ज मागे घेतले. प्रितेशचा फोन आला, "मॅडम, सगळे?" म्हटलं, सगळे. मग अहवाल नव्याने लिहिला, प्रणालीचा दोष, माझ्या फोन नंबरासकट, 'घ्या वेळेवर'सकट, आणि त्याखाली लीड म्हणून सही करून विश्वस्तांना पाठवला. दुपारी माझं लॉगिन बंद झालं, संध्याकाळी कार्डही. घरी आले ती सरळ दुसऱ्या मजल्यावर. वरच्या रखमाकाकींचा हात धरून त्यांना खाली दौलतदादाच्या दारात नेलं आणि बाबांसमोर, सगळ्या चाळीसमोर सांगितलं — गोळ्या यांच्या नव्हत्या. आमच्या होत्या.